पंखा हळू झाला, पण वीज वाचली का?

पालघर जिल्ह्यातल्या एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून मी गेलो होतो. शाळेचे नाव सांगत नाही, कारण जे घडले त्यात शाळेपेक्षा आम्हा परीक्षकांचाच दोष मोठा होता. एका टेबलावर ‘स्वयंचलित पंखा’ मांडला होता. बारा व्होल्टचा छोटा पंखा, संगणकाच्या डब्यात असतो तसा. शेजारी एक इलेक्ट्रॉनिक मंडल. मागच्या पुठ्ठ्यावर रंगीत अक्षरांत लिहिले होते, ‘वीज बचत ६० टक्के’.

मी विचारले, “साठ टक्के कसे काढले?”

मुलगा आत्मविश्वासाने म्हणाला, “सर, पंखा साठ टक्के हळू फिरतो ना!”

मी मंडलावरच्या तीन पायांच्या काळ्या तुकड्याला बोट लावले आणि झटकन मागे घेतले. चांगला चटका बसला. वाचलेली वीज कुठे गेली त्याचे उत्तर तिथे, त्या तुकड्यात, बसले होते. पण गर्दी होती, अजून बरीच टेबले बघायची होती, आणि मांडणी खरोखर सुबक होती. आम्ही त्या प्रतिकृतीला बक्षीस दिले. निकालपत्रावर माझीही सही आहे. ती सही मला तेव्हापासून टोचते आहे, म्हणून हा लेख.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. पंख्याचा वेग इलेक्ट्रॉनिक रीतीने कमी-जास्त करणारे मंडल शाळेत जरूर करावे. फार चांगला प्रयोग आहे तो. पण मोजल्याशिवाय त्यावर ‘वीज बचत’ हे शब्द लिहू नयेत. आणि तार तुटली तर काय होईल, याचे उत्तर दिल्याशिवाय त्याला ‘स्वयंचलित’ही म्हणू नये.

आधी जुन्या रेग्युलेटरकडे जाऊ. तुमच्या आजोबांच्या घरात किंवा एखाद्या जुन्या शाळेच्या वर्गात भिंतीवर एक मोठा डबा तुम्ही पाहिला असेल. त्यावर एक ते पाच आकडे आणि एक खटका. डब्यात तारेचे वेटोळे असते, म्हणजेच रोध. खटका ‘एक’वर असला की सगळे वेटोळे पंख्याच्या वाटेत येते. विद्युत्‌दाबाचा काही भाग वेटोळ्यात खर्च होतो, उरलेला पंख्याला मिळतो, आणि पंखा हळू फिरतो. डबा मात्र तापतो. पालघर-बोईसरकडच्या मे महिन्याच्या दमट दुपारी, अंगातला घाम वाळत नसताना, गारवा देणाऱ्या यंत्राच्या शेजारीच एक छोटी शेगडी पेटवून ठेवायची, असा तो प्रकार.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ लोक सांगतात की जुन्या रेग्युलेटरने पंखा हळू केला तरी वीज तेवढीच जळते. हे खरे नाही. रोध वाढला की प्रवाह कमी होतो, त्यामुळे मीटरवरचा आकडाही थोडा कमी होतो. मात्र जेवढा कमी व्हायला हवा तेवढा होत नाही. ‘काहीच वाचत नाही’ आणि ‘सगळे वाचते’ या दोन्ही टोकांच्या मध्ये खरे उत्तर असते, आणि ते फक्त मोजूनच कळते.

आता प्रदर्शनातल्या त्या काळ्या तुकड्याकडे वळू. त्याचे नाव एल. एम. ३१७. अमेरिकेतल्या नॅशनल सेमीकंडक्टर या कंपनीत रॉबर्ट डॉबकिन यांनी १९७६ साली तो तयार केला. पन्नास वर्षे होत आली तरी तो बाजारात मिळतो आणि स्वस्तात मिळतो. त्याला तीन पाय असतात. एका पायातून वीज आत येते, दुसऱ्यातून बाहेर जाते, तिसरा पाय जुळवणीचा. या तुकड्याचा स्वभाव एकाच वाक्यात सांगता येतो. बाहेर जाणारा पाय आणि जुळवणीचा पाय यांच्यामध्ये तो नेहमी १.२५ व्होल्ट राखतो. बाकी सगळी करामत तुम्ही जोडलेल्या दोन रोधकांची.

पहिला रोधक या दोन पायांच्या मध्ये, दुसरा जुळवणीच्या पायापासून ऋण तारेपर्यंत. पहिल्यावर १.२५ व्होल्ट पक्के, म्हणून त्यातून जाणारा प्रवाह पक्का. तोच प्रवाह पुढे दुसऱ्यातून जातो. म्हणजे दुसऱ्याचा रोध जितका जास्त, तितका त्यावरचा दाब जास्त, आणि तितका पंख्याला मिळणारा दाब जास्त. सूत्र असे : बाहेरचा दाब = १.२५ × (१ + दुसरा रोध ÷ पहिला रोध). पहिला २४० ओहम आणि दुसरा १५०० ओहम घेतला तर सुमारे ९ व्होल्ट मिळतात. दुसरा ७५० केला तर सुमारे ५.२ व्होल्ट. वहीत करून पाहा.

दुसऱ्या रोधकाच्या जागी फिरवायचे बटण बसवले तर तो हाताने चालवायचा रेग्युलेटर झाला. हात काढून घेऊन हेच काम ट्रान्झिस्टरकडे सोपवले, की दाबाची जुळवणी इलेक्ट्रॉनिक झाली. जुळवणीच्या पायापासून ऋण तारेपर्यंत १५०० ओहमचा रोधक कायम ठेवायचा. त्याच पायापासून आणखी एक १५०० ओहमचा रोधक काढून तो बी. सी. ५४७ सारख्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला जोडायचा आणि एमिटर ऋण तारेला. ट्रान्झिस्टर बंद असेल तर पहिला रोधकच काम करतो आणि पंख्याला ९ व्होल्ट मिळतात. ट्रान्झिस्टर पूर्ण उघडला की दोन्ही रोधक समांतर येतात, मिळून ७५० ओहम होतात, आणि पंख्याला ५.२ व्होल्ट मिळतात. अर्धवट उघडला तर मधले काहीतरी. पंख्याचा जड प्रवाह या ट्रान्झिस्टरमधून जातच नाही. त्याच्यातून जातो तो दोन-अडीच मिलिअँपिअर एवढा. लगाम हलका, घोडा जड. हा भाग मला फार आवडतो.

मग विजेचा हिशेब करू. समजा बारा व्होल्टवर पंखा ०.२ अँपिअर घेतो. म्हणजे २.४ वॅट. आता ३१७ लावून पंख्याला ७ व्होल्ट दिले आणि प्रवाह ०.१२ अँपिअर झाला. पंख्यात गेले ७ × ०.१२, म्हणजे ०.८४ वॅट. उरलेले ५ व्होल्ट ३१७ ने स्वतःवर घेतले, आणि तोच ०.१२ अँपिअर त्याच्यातूनही जातो. म्हणून त्याच्यात ०.६ वॅटची उष्णता झाली. एकूण खर्च १.४४ वॅट. पूर्ण वेगाच्या मानाने चाळीस टक्के बचत झाली, हे कबूल. पण जी वीज घेतली तिच्यातली जवळजवळ चाळीस टक्के हवा तापवण्यात गेली. भिंतीवरचा तो जुना डबा आणि हा सुबक तुकडा, दोघांची जात एकच. ‘इलेक्ट्रॉनिक’ म्हटले की वीज वाचते अशी समजूत करून घेऊ नका.

शिवाय पंख्याच्या बाबतीत निसर्ग आपल्याला एक मोठी सवलत देतो, ती आपण अशा रीतीने वाया घालवतो. पंख्याने ढकललेली हवा वेगाच्या प्रमाणात असते, पण त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा केला तर हवा निम्मी मिळते आणि शक्ती एक-अष्टमांश पुरते. वेग पाच-अष्टमांशाच्या थोडा खाली आणला तर पाचव्या हिश्शाच्या आसपास शक्ती पुरी होते. वरच्या उदाहरणात पंखा साधारण तितकाच हळू झाला असेल. म्हणजे २.४ वॅटऐवजी अर्ध्या वॅटमध्ये काम व्हायला हवे होते, आणि आपण घेतले १.४४.

बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत ज्यांचे वडील किंवा काका काम करतात त्यांनी घरी विचारावे. मोठ्या पंख्यांना आणि पंपांना जोडलेले एक यंत्र त्यांना माहीत असेल. कामगार त्याला व्ही. एफ. डी. किंवा नुसते ‘ड्राइव्ह’ म्हणतात. पूर्वी हवा कमी हवी असली की पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवून वाटेतली झडप अर्धी लावत. म्हणजे एक्सलरेटर दाबून धरायचा आणि ब्रेकही दाबायचा. ड्राइव्ह हे यंत्र विजेची वारंवारताच बदलते, म्हणून मोटारच हळू फिरते. पंख्याचा वेग शंभराऐवजी ऐंशी टक्के केला तर घनाच्या नियमाने शक्ती ५१ टक्के लागते. कारखान्याच्या बिलात हा फरक लहान नसतो.

घरच्या छतावरच्या पंख्याची गोष्ट यापेक्षा वेगळी आणि जरा गमतीची आहे. त्याची साधी मोटार प्रवर्तन जातीची असते. तिच्यात वळशांमुळे एक चुंबकीय क्षेत्र गरगर फिरते आणि पाती त्याच्या मागे धावतात. १४ ध्रुवांची मोटार असेल तर आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर हे क्षेत्र मिनिटाला सुमारे ४२८ फेरे घेते. रेग्युलेटरने दाब कमी केला तरी क्षेत्राचा वेग तोच राहतो, कारण वारंवारता बदललेली नसते. पाती तेवढी मागे रेंगाळतात. ती २१४ फेऱ्यांवर आली म्हणजे निम्मी मागे पडली. अशा वेळी फिरत्या भागाकडे पोहोचलेल्या शक्तीपैकी निम्मी त्या भागातच उष्णता होऊन जाते. आजकालच्या भिंतीवरच्या छोट्या रेग्युलेटरमध्ये तारेचे वेटोळे नसते. एका प्रकारात ट्रायॅक नावाचा अर्धवाहक विजेच्या प्रत्येक लाटेचा काही भाग कापून टाकतो, दुसऱ्यात संधारित्रे असतात. दोन्ही स्वतः फारसे तापत नाहीत, हा खरा फायदा. पण मोटारीच्या पोटातला हा तोटा त्यांना टळत नाही. ट्रायॅकवर पंखा हळू केला की तो गुणगुणतो, ते कापलेल्या लाटेमुळे.

म्हणूनच बी. एल. डी. सी. पंख्यांना महत्त्व आले आहे. त्यांच्या फिरत्या भागात कायमचे चुंबक असतात आणि क्षेत्र किती वेगाने फिरवायचे ते आतले मंडलच ठरवते. साधा पंखा पूर्ण वेगात ७० ते ७५ वॅट घेत असे, तिथे हे पंखे ३० वॅटच्या आसपास घेतात. छताच्या पंख्यांवर ताऱ्यांची पट्टी लावणे १ जानेवारी २०२३ पासून आपल्या देशात सक्तीचे झाले. दुकानात गेलात तर ती वाचा.

आता त्या प्रदर्शनातली दुसरी गोष्ट सांगतो. तिने मला वीज बचतीपेक्षा जास्त अस्वस्थ केले. त्या प्रतिकृतीत उष्णता ओळखण्यासाठी थर्मिस्टर होता. तापमान वाढले की त्याचा रोध कमी होतो. आमच्यासमोर पंखा जोरात फिरत होता, तो काही केल्या हळू होईना. कारण पाहिले तर थर्मिस्टर तापलेल्या ३१७ च्या अगदी शेजारी बसवलेला. बिचारा खोलीचे तापमान सांगायचे सोडून आपल्या शेजाऱ्याचे सांगत होता! मुलीने तो दूर सरकवताना त्याची बारीक तार तुटली आणि पंखा एकदम मंदावून थांबला. ती म्हणाली, “सर, लूज कनेक्शन आहे.” आम्ही मान डोलावली आणि पुढच्या टेबलाकडे गेलो.

मित्रहो, मान डोलवायची जागा ती नव्हती. थर्मिस्टरचा रोध थंडीत वाढतो. तार तुटली म्हणजे रोध अनंत झाला. मंडलाच्या दृष्टीने तो कडाक्याच्या थंडीचा निरोप आहे! ते आज्ञाधारकपणे पंखा थांबवते. खोली तापून भट्टी झाली तरी थांबवलेलेच ठेवते. खेळण्यात हे चालून जाईल. पण हाच पंखा कारखान्यातली विषारी वाफ बाहेर ओढणारा असेल तर? किंवा पावसाळी हवेत मासळी सुकवायच्या कपाटातला असेल तर? आमच्या सातपाटीच्या बाजूचा एक विद्यार्थी नेमके तसले कपाट करू पाहत होता.

तारापूरला देशातला पहिला अणुविद्युत प्रकल्प आहे. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे २००५ आणि २००६ साली ५४० मेगावॅटच्या आणखी दोन अणुभट्ट्या त्यांना येऊन मिळाल्या. या दोन नव्या अणुभट्ट्या बंद करण्याच्या कांड्या वर लटकवून धरलेल्या असतात, आणि त्यांना धरून ठेवायला वीज लागते. वीज गेली की पकड सुटते, कांड्या स्वतःच्या वजनाने खाली पडतात आणि भट्टी बंद होते. ज्याने हे योजले त्याने आधी ‘तार तुटली तर?’ असे विचारले होते. तुमच्या गावापासून काही किलोमीटरवर हे उदाहरण उभे आहे. ते पंख्याच्या प्रतिकृतीत का उतरू नये?

उतरवणे अवघड नाही. वर मी जे मंडल सांगितले त्यात कमीत कमी दाब ५.२ व्होल्ट ठेवला आहे, तो मुद्दाम. ट्रान्झिस्टरने दुसरा रोधक पूर्ण मिटवून टाकला असता तर दाब १.२५ व्होल्टच्या आसपास येऊन पंखा थांबला असता. आता थर्मिस्टरची तार तुटली तरी पंखा हळू का होईना, फिरत राहतो. थर्मिस्टर २५ अंशांना १० किलोओहमचा घ्या आणि तो ट्रान्झिस्टरचा बेस आणि ऋण तार यांच्यामध्ये जोडा. बारा व्होल्टच्या टोकापासून बेसपर्यंत २२० किलोओहमचा प्रिसेट, आणि त्याच्या जोडीला ओळीत ४७ किलोओहमचा एक पक्का रोधक. प्रिसेट चुकून शून्यावर गेला तर ट्रान्झिस्टर जळू नये म्हणून. ३१७ ला ॲल्युमिनियमचा पत्रा स्क्रूने घट्ट बसवा, नाही तर मला बसला तसा चटका तुम्हालाही बसेल. आणि थर्मिस्टर त्याच्यापासून वीतभर लांब ठेवा.

एक सूचना मात्र कडकपणे. हे सारे बारा व्होल्टच्या अडॅप्टरवरच करायचे. छताच्या पंख्याचा रेग्युलेटर उघडायचा नाही, खटका बंद असला तरी नाही. २३० व्होल्टला तुमच्या जिज्ञासेचे कौतुक नसते.

काही शिक्षक मित्र मला म्हणतात, “अहो, आता मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड शाळाशाळांतून आले आहेत. मुले संगणकावर चार ओळी लिहितात आणि पंखा हवा तसा फिरवतात. तुम्ही अजून १९७६ च्या तुकड्यात अडकलात!” त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्या बोर्डाने पंख्याची वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद केली जाते. खटका पूर्ण बंद असेल तेव्हा त्याच्यातून प्रवाह नसतो, पूर्ण चालू असेल तेव्हा त्याच्यावर दाब जवळजवळ नसतो. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार दोन्ही वेळा नाममात्र, म्हणून तो तापत नाही. वीज वाचवायची असेल तर रीत हीच, यात वाद नाही.

पण हा गुणाकार त्या मुलाला कधी दिसला? ज्याने ३१७ चा चटका खाल्ला आहे त्यालाच, न तापणारा खटका किती नवलाचा आहे ते कळेल. तयार पेटीतले तयार मॉड्यूल जोडून पंखा फिरतो खरा, पण त्यात काही शिकण्यासारखे तापतच नाही. माझे मत असे की नववीत ३१७ करावा, मल्टिमीटरने दाब आणि प्रवाह चार ठिकाणी मोजावे, आणि मग दहावीत तोच पंखा चालू-बंद पद्धतीने चालवून तीच मोजणी पुन्हा करावी. एक साधा मल्टिमीटर बोर्डापेक्षा महाग नसतो. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी प्रत्येक टेबलावर नाही तरी परीक्षकांच्या हातात एक तरी द्यावा. माझ्या हातात त्या दिवशी पेन सोडून काही नव्हते.

ज्यांच्याकडे मल्टिमीटर नाही त्यांच्यासाठी घरच्या घरी, काहीही न उघडता करायचा एक प्रयोग आहे. तुमच्या विजेच्या मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ती संख्या मीटरवर छापलेली असते. समजा ती ३२०० आहे. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजे दर लुकलुकीला ११२५ ज्यूल. रात्री घरातले बाकी सगळे बंद करून एकच पंखा पूर्ण वेगात लावा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. १५ सेकंद आले तर पंखा ११२५ ÷ १५, म्हणजे ७५ वॅट घेतो आहे. आता रेग्युलेटर एकेक आकडा खाली आणा आणि दर वेळी पुन्हा मोजा. एका लुकलुकीवर न थांबता पाच मोजून सरासरी काढलीत तर चूक कमी होईल. फ्रीज बंद करायला विसरू नका, तो मध्येच सुरू होऊन सगळा हिशेब बिघडवतो. आणि प्रयोगाआधी आजीला सांगून ठेवा, नाही तर दिवे गेले म्हणून ती मेणबत्ती शोधत बसेल.

मिळालेले आकडे एका कागदावर मांडा, त्याच्याशेजारी मिनिटाचे फेरेही लिहा. हल्लीच्या मोबाइलवर संथगतीने चित्रण करून ते मोजता येतात. पंख्याच्या एका पात्याला रंगीत चिकटपट्टी लावली की मोजणे सोपे जाते. पण ती मोठ्या माणसाकडून, मेन स्विच बंद असताना लावून घ्या.

त्या प्रदर्शनातल्या मुलांची आणि माझी पुढे भेट झाली. बक्षीस परत मागायला मी गेलो नव्हतो. मल्टिमीटर घेऊन गेलो होतो. पुठ्ठ्यावरचा ‘६०’ त्यांनी स्वतःच खोडला.

त्या जागी कोणता आकडा लिहायचा यावर त्यांचे बराच वेळ एकमत होईना. पूर्ण वेगाशी तुलना करायची, की तेवढीच हवा दुसऱ्या रीतीने मिळवली असती तर लागणाऱ्या विजेशी? मुलीचे म्हणणे दुसरे होते, मुलाचे पहिले. शेवटी त्यांनी दोन्ही आकडे लिहिले आणि खाली कशाशी तुलना केली ते बारीक अक्षरांत लिहिले.

मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा थर्मिस्टर वीतभर लांब गेला होता.